भाषेला नुसते राज्य पुरत नाही

आजच्या बेलारूसमधल्या पोलात्स्कच्या फ्रान्सिस्क स्कारिनाने १५१७ साली प्रागमध्ये स्तोत्रसंहिता छापली, तेव्हा इंग्रजीतल्या छापील नव्या कराराला अजून नऊ वर्षे अवकाश होता. स्कारिनाची भाषा चर्च स्लाव्होनिक, पण तिच्यात बेलारुसी बोलीचा रंग उतरलेला होता. पुढे लिथुएनियाच्या महासंस्थानाचा १५८८ चा कायदेसंग्रह छापला गेला तो रुथेनियन भाषेत; आजची बेलारुसी आणि युक्रेनी या तिच्याच लेकी. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेला छापखाना दिसायला १८२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्कॉटिश मिशनऱ्यांचे छपाईयंत्र पूर्व केपमधल्या ट्यूमी खोऱ्यात पोहोचले आणि जॉन बेनी यांनी खोसा शब्द रोमन अक्षरांत बसवले.

म्हणजे छापील अक्षराच्या वाटेवर बेलारुसी तीन शतके पुढे. आज चित्र उलटे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या जनगणनेत १६.३ टक्के लोकांनी, म्हणजे दर सहांतल्या एकाने, खोसा ही घरची भाषा सांगितली. बेलारूसमध्ये २००९ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी बेलारुसीला मातृभाषा म्हटले. घरात ती बोलणारे मात्र २३ टक्केच निघाले. प्राचीन ग्रंथ, राजदरबारातले स्थान, स्वतःचे सार्वभौम राष्ट्र हे सगळे गाठीशी असलेली भाषा घरातून निसटते आणि ज्यांची जमीन, गुरे, राज्य सगळे हिरावले गेले त्यांची भाषा टिकते, हे कसे घडले?

बेलारुसीची पीछेहाट एका दिवसात झाली नाही. १६९६ मध्ये महासंस्थानाच्या दप्तरात पोलिश आली, उमरावांनी ती घरातही नेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेलारूसचा मुलूख रशियन साम्राज्यात गेला. भाषा उरली खेड्यात. १९०६ मध्ये व्हिल्नियसमध्ये सुरू झालेल्या ‘नाशा निवा’ या साप्ताहिकाने तिला पुन्हा उभे केले. कॅथलिक वाचकाला रोमन लिपी सवयीची, ऑर्थोडॉक्स वाचकाला सिरिलिक; म्हणून तोच मजकूर काही वर्षे दोन्ही लिप्यांत निघे. यांका कुपाला आणि याकुब कोलास हे कवी याच पानांतून घराघरांत पोहोचले. १९१८ मध्ये ब्रानिस्लाव ताराश्केविच यांचे शालेय व्याकरण आले. १९२० च्या दशकात सोव्हिएत सत्तेनेच बेलारुसी शाळा काढल्या आणि मग त्याच सत्तेने ती पिढी कापून काढली. २९ ऑक्टोबर १९३७ च्या एका रात्रीत मिन्स्कमध्ये शंभराहून अधिक लेखक, विद्वान आणि कार्यकर्ते गोळ्या घालून मारले गेले. पुढच्या वर्षी ताराश्केविचही गेले.

त्यानंतरचे काम बंदुकीविना झाले. युद्धानंतर खेडी शहरांकडे लोटली. कारखाना, कचेरी, विद्यापीठ सगळीकडे रशियन. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की एकीतून दुसरीत सरकताना अडखळायला होत नाही. या सरमिसळीतून निघालेल्या बोलीला तिथे ‘त्रासियांका’ म्हणतात. खेडवळ उच्चाराला कोणी हसू नये म्हणून आईबापांनी मुलांशी रशियन धरली. १९९० च्या कायद्याने बेलारुसी एकमेव राजभाषा झाली. १९९५ च्या सार्वमताने रशियनला बरोबरीचा दर्जा दिला आणि पाच वर्षांची उभारी ओसरली.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत खोसा लोकांनी १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत वसाहतवाल्यांशी नऊ युद्धे लढली. १८४६ च्या युद्धात लव्हडेल मिशनच्या छापखान्यातले शिशाचे खिळे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या. तरीही १८८४ मध्ये जॉन टेंगो जबावू यांनी ‘इम्वो झाबांत्सुंडू’ हे वृत्तपत्र काढले. १९३८ मध्ये हील्डटाउनच्या मिशन शाळेत कवी एस. ई. के. म्खायी आले. त्या शाळेत इंग्रजी रीतिरिवाज हाच आदर्श होता. बिबळ्याचे कातडे पांघरून, हाती भाले घेऊन ते इंग्रज मुख्याध्यापकांदेखत खोसातून बोलले आणि समोर बसलेल्या तरुण नेल्सन मंडेलांच्या मनावर तो प्रसंग कायमचा कोरला गेला.

पण खोसाच्या टिकण्याचे सगळे श्रेय अभिमानाला देता येणार नाही. वर्णद्वेषी राजवटीने काळ्या माणसाला वेगळ्या वस्तीत डांबले. त्या सक्तीच्या वेगळेपणात भाषा घट्ट राहिली. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळेतले मातृभाषेचे माध्यम वाढवले, ते मूल पुढे जाऊ नये म्हणून. मातृभाषेतली शाळा म्हणजे कोंडवाडा, हा धडा आईबाप विसरलेले नाहीत. १९९६ च्या राज्यघटनेने खोसासह अकरा भाषांना राजभाषा केले, तरी शहाणे पालक लेकराला इंग्रजी शाळेतच घालतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. नोकरीची दारे कोणत्या भाषेत उघडतात, हे त्यांना ठाऊक आहे.

या दोन इतिहासांचा निष्कर्ष एकच निघतो. भाषा घरात जगते, पण घर तिला किती काळ सांभाळेल हे शाळा आणि रोजगार ठरवतात. बेलारुसीची शिडी वरून मोडली, तेव्हा घरानेही हात सोडला. खोसाचे घर अजून भरलेले आहे आणि म्हणूनच तिच्याकडे वेळ आहे. २०२५ पासून दक्षिण आफ्रिकेने चौथीपासून गणित आणि विज्ञान मातृभाषा व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात केली. हे पाऊल योग्य आहे, मात्र ते प्राथमिक वर्गापाशी थांबता कामा नये. खोसातून शिकलेल्या मुलीला खोसातच परीक्षा देता आली, न्यायालयात आणि दवाखान्यात त्या भाषेच्या ज्ञानाला पगाराची किंमत आली, तरच पालकांची धास्ती मावळेल. बेलारूसलाही दुसरा मार्ग नाही. तिथल्या राज्यघटनेत बेलारुसीला जागा आहे. तिला आता विद्यापीठात आणि पगाराच्या नोकरीत जागा हवी. ती देणे राज्यकर्त्यांच्या हाती आहे आणि ती मागणे हा बेलारुसी माणसाचा हक्क आहे.