पंप म्हणतो "दिलं". कुणाला दिलं?

इन्सुलिन पंप लावलेल्या माणसाची साखर ३०० दिसली, की सगळे एका सुरात विचारतात, "काय खाल्लंस?" आई विचारते, ऑफिसातले विचारतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा. पंपाला मात्र कुणी जाब विचारत नाही! स्क्रीनवर "बोलस दिला" असं लिहिलंय ना, मग विषय संपला.

मंडळी, लॉगमध्ये "मेसेज पाठवला" दिसलं म्हणजे तो पोचलाच, असं आपल्यापैकी कोणी मानतं का? पंपाच्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मोटर फिरली. इन्सुलिन कातडीखाली गेलं की शर्टाला लागलं, हे त्याच्या गावीही नसतं.

"पण अलार्म असतो की!" असतो. तो चालतो दाबावर. कॅन्युला बाहेर आली किंवा जोडाशी गळती असली तर दाब वाढतच नाही, मग वाजणार काय? आणि कॅन्युला खरंच दुमडली, तरी तासाला अर्धा युनिट म्हणजे जेमतेम ०.००५ मिली. तेवढ्याने दाब चढायला कित्येक तास जाऊ शकतात.

तेवढी सवड नसते. पंपात फक्त जलद इन्सुलिन. अंगात दीर्घकाळ पुरणारा साठा नाही. पुरवठा तुटला की काही तासांत कीटोन वाढतात, मग उलट्या, कीटोअ‍ॅसिडोसिस, आयसीयू. आणि आपण तोवर बिस्किटं मोजतोय!

म्हणून साखर विनाकारण २५० च्या वर गेली, की पहिला संशय सेटवर घ्या. कीटोन तपासा. नसतील तर पंपातून एक करेक्शन. तास-दोन तासांत साखर उतरली नाही, किंवा कीटोन आधीच आलेले असतील, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेन किंवा सिरिंजने घ्या, आणि नवा सेट नव्या जागी लावा. जुनी कॅन्युला नीट बघा: दुमडलीय? चिकटपट्टी ओली आहे? इन्सुलिनचा तो औषधी वास येतोय? वरचेवर दुमडत असेल तर स्टीलच्या सुईच्या सेटबद्दल विचारा. कीटोन आणि उलट्या दोन्ही असतील तर थेट हॉस्पिटल.

"सेट महाग आहे हो, अजून एक दिवस चालवू." दुखणं खरं आहे, आपल्याकडे बहुतेकांना तो खिशातूनच घ्यावा लागतो. पण दोन-तीन दिवसांचा सेट पाचव्या दिवशी ओढण्यातली बचत आयसीयूच्या पहिल्याच बिलात वाहून जाते.

असो. पुढच्या वेळी "काय खाल्लंस?" जिभेवर आलं तर गिळा. विचारा, "सेट कधी बदललास?"