एक गाडी कमी

दसऱ्याच्या आसपास पेपर उघडावा तर बातमी ठरलेली. पुण्यात इतक्या हजार गाड्यांची नोंदणी! सोबत हार घातलेल्या गाडीसमोर पेढे वाटणारं कुटुंब. मग ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, "कोण म्हणतं मंदी आहे?"

आता हा आकडा तसा प्रामाणिक आहे, हे मान्य. कंपन्या महिन्याचे जे विक्रीचे आकडे देतात, तो बऱ्याचदा डीलरकडे पाठवलेला माल असतो. नोंदणी झाली म्हणजे मात्र गाडी खरंच कुणाच्या तरी घरी गेली. शिवाय 'वाहन' पोर्टलवर हा आकडा कुणालाही घरबसल्या बघता येतो. जीडीपीसाठी तिमाही संपल्यावरही जवळजवळ दोन महिने वाट बघावी लागते!

पण मंडळी, हा आकडा फसवतोही. मार्च २०१७ आठवा. १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं आणि दोन-तीन दिवस शोरूमबाहेर रांगाच रांगा. देश काय त्या तीन दिवसांत श्रीमंत झाला? गाडी स्वस्त मिळत होती, बस्स. २०२५ मध्ये उलट. जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्टला कळलं, मग लोक थांबले. त्यात पितृपक्ष. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के! आधीची घसरण खोटी, नंतरची उसळीही अर्धी खोटी.

बरं, आपल्या पुण्याचं काय? २०१८ मध्ये आरटीओच्या दप्तरातल्या गाड्या ३६ लाखांवर गेल्या, शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. ही समृद्धी का? आमच्या घरी बाबांची एक स्कूटर होती. आज चार दुचाक्या आहेत. कारण मी हिंजवडीला, ताई खराडीला, आई कोथरूडहून आजीकडे हडपसरला, आणि बाबांना अजूनही मंडईतूनच भाजी हवी! चौघांची चार टोकं. यातला निम्मा आकडा सुबत्तेचा नाही, अंतराचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हप्ते. आमच्या टीममध्ये रोख पैसे मोजून कार घेतलेला एकही जण मला माहीत नाही. म्हणजे नोंदणी दाखवते ती आजची श्रीमंती नाही, तर पुढची पाच-सात वर्षं पगार येत राहील हा भरवसा. माझ्या मते हा आकडा वाचायचा तो असा.

हे मला सुचलं कसं? मीही कार बुक केली होती. रंगसुद्धा ठरला होता, आईनं ठरवला! मग एका सोमवारी आमच्या मजल्यावरच्या तिघांना एचआरनं बोलावलं. दुपारपर्यंत त्यांची डेस्क रिकामी. माझी नोकरी शाबूत आहे, पगारही पूर्ण आला. तरी त्या शनिवारी शोरूममध्ये जाऊन मी बुकिंग रद्द केलं. आई काही बोलली नाही. फक्त रात्री जेवताना म्हणाली, "बरं केलंस."

एमएच-१२ मध्ये एक गाडी कमी. पोर्टलवर ती कुठेच दिसणार नाही, कारण न घेतलेल्या गाडीची नोंद होत नाही. पुढच्या दसऱ्याला बातमी येईल, फोटोही येईल. तेव्हा पेढ्यांबरोबर हप्ता कितीचा आहे, तेही एकदा विचारून बघा.

असो. सध्या बाबांच्या जुन्या स्कूटरचं सर्व्हिसिंग करून घेतलंय. मस्त पळते!