हवा मोजणारे यंत्र मॅनहोलच्या तोंडाशी का नाही?

हवा मोजणाऱ्या यंत्रांची बाजारपेठ आपल्या देशात झपाट्याने वाढते आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला आणि महानगरपालिकांच्या निविदांना जोर चढला. चौकाचौकांत हवेचे आकडे झळकवणारे फलक लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडल्याची ओरड झाली, तेव्हा महानगरपालिकेने बांधकामाच्या जागी सेन्सरची यंत्रे बसवण्याचे फर्मान काढले. उच्च न्यायालयानेही प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. टॉवरमधल्या दिवाणखान्यातही आता धुळीचा आकडा दाखवणारे यंत्र आहे. फुप्फुस कोणाचेही असो, ते जपलेच पाहिजे. पण त्याच टॉवरच्या सेप्टिक टाकीत जो माणूस उतरवला जातो, तो कोणत्या यंत्राच्या भरवशावर उतरतो?

तो झुरळांच्या भरवशावर उतरतो. झाकण उघडल्यावर झुरळे जिवंत दिसली तर आत हवा आहे असे समजायचे, नाहीतर पेटती काडी टाकून पाहायची. आत मिथेन असेल तर त्याच काडीने भडका उडतो. ही आमच्या माणसाची प्रयोगशाळा!

गटारातला खरा मारेकरी हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून लोकांना वाटते की वास आला तर पळता येईल. वस्तुस्थिती उलट आहे. साधारण शंभर पीपीएमच्या आसपास नाकाची वास ओळखण्याची शक्तीच जाते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो. पाचशेच्या पुढे तो काही मिनिटांत, हजाराच्या जवळपास तर एक-दोन श्वासांतच कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गाळात दबून राहतो. फावडे मारले की एकदम उसळतो. म्हणून तोंडाशी एकदा मोजून भागत नाही. यंत्र दोरीने तळापर्यंत सोडून पाहावे लागते आणि काम चालू असेपर्यंत कामगाराच्या छातीवर चालू ठेवावे लागते. प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू, असे चारही एकदम मोजणारे यंत्र खिशात मावते. किंमत म्हणाल तर बऱ्यापैकी मोबाइल फोनएवढी. म्हणजे अडचण पैशाची नाही.

अडचण कायद्याचीही नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. त्याच वर्षीच्या नियमांत सुरक्षा साधनांची लांबलचक यादी आहे आणि त्यात चार वायू मोजणारे हे यंत्र नाव घेऊन सांगितले आहे. आत उतरवण्यापूर्वी प्राणवायूची कमतरता आणि विषारी वायू तपासण्याची जबाबदारी मालकावर आहे. माणूस उतरवायचाच असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी लागते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला, तो आकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेला. एवढे सगळे कागदावर असताना २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंचे सरकारनेच सामाजिक अंकेक्षण केले, तेव्हा ४९ जणांच्या अंगावर एकही साधन नव्हते. उरलेल्यांना हातमोजे मिळाले होते. विषारी वायू रोखायला हातमोजे!

येथे वकील म्हणून एक धोका सांगणे भाग आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार साधने न देता, खबरदारी न घेता करवून घेतलेली सफाई हीच 'धोकादायक सफाई'. मग साधन गोदामात पडून असल्याची पावती ठेकेदाराने न्यायालयात फडकवली की बचाव उभा राहतो. यंत्रांचा बाजार वाढेल तशा या पावत्याही वाढतील. आणि सेन्सर तर नाशवंत वस्तू आहे. आतले रसायन दोन-तीन वर्षांत संपते, मधल्या काळातही प्रमाणित वायूवर त्याची तपासणी करावी लागते. मेलेला सेन्सर शून्य दाखवतो आणि शून्य म्हणजे सुरक्षित असे समजून माणूस खाली जातो. म्हणून 'यंत्र द्या' एवढीच मागणी करून आपण थांबलो तर यंत्र ठेकेदाराच्या बाजूचा साक्षीदार होईल. पहिली मागणी माणूस न उतरवण्याची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला आहे; त्याचे पालन कोणत्या वॉर्डात झाले, हे विचारायला कोण गेले?

शब्दांचा खेळ दिल्लीतही चालतो. जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले की हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेले 'धोकादायक सफाई'च्या रकान्यात टाकले की पहिला रकाना कोरा राहतो. ज्या पक्षाचे नाव घेऊन ते मंत्री झाले, त्या पक्षाच्या वस्तीत हे मृत्यू मोजायला यंत्र लागत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी कामाला लागावे. माहितीच्या अधिकारात आपल्या नगरपालिकेकडे तीन कागद मागावेत: गेल्या तीन वर्षांत माणूस उतरवण्यासाठी दिलेल्या लेखी परवानग्या, वायुमापक यंत्रांची साठा नोंदवही, आणि त्या यंत्रांच्या तपासणीची प्रमाणपत्रे. दुर्घटना घडलीच तर पंचनाम्यात यंत्र होते की नव्हते हे लिहून घ्यावे आणि असेल तर ते तिथल्या तिथे जप्त करायला लावावे. नव्या यंत्रांत प्रत्येक मिनिटाचे आकडे साठवलेले असतात. ते यंत्र ठेकेदाराच्या गाडीतून परत गेले की आकडे पुसले जायला वेळ लागत नाही.