शून्य पतंग

किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात मोबाईलची रेंज येते-जाते, हे नांदेड जिल्ह्यात कुणालाही विचारा, सांगेल. कोड लिहिताना मात्र आम्हा इंजिनिअर लोकांना ते आठवत नाही.

कापसात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले, तर फवारणीचं बघायचं, असा साधा हिशोब. आता सापळ्याचा फोटो काढला की मॉडेल पतंग मोजून देतं. तो फोटो सर्व्हरवर नेणारा आणि आकडा परत आणणारा कोड म्हणजे क्लायंट लायब्ररी. मॉडेल किती अचूक, यावर पेपर निघतात. या हमालाबद्दल कुणी बोलत नाही. माझं भांडण त्याच्याशीच आहे.

नवीन असताना मीही असा कोड लिहिलाय. सर्व्हरशी संपर्क तुटला की अ‍ॅप बंद पडायचं. मी ट्राय-कॅच घातला आणि कॅचमध्ये लिहिलं, रिटर्न झिरो. अ‍ॅप बंद पडायचं थांबलं, रिव्ह्यूत सगळे खूश. ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘पतंग नाहीत’ यातला फरक मी एका ओळीत पुसून टाकला होता, आणि ते कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

ही अळी बोंडाच्या आत बसून खाते, वरून बोंड ठणठणीत दिसतं. सापळा हीच आधीची खूण. तिथेच खोटं शून्य दाखवलं, तर शेतकरी निवांत राहणार आणि कळेल तेव्हा कापूस किडलेला असणार. 2017 साली या अळीनं मराठवाड्यात काय केलं, ते आपल्या घरात विचारा.

‘एरर दाखवली की यूजर घाबरतो,’ असं मीटिंगमध्ये ऐकवतात. अरे, जो माणूस दरवर्षी आभाळाकडे बघून पेरतो, तो ‘माहीत नाही’ला घाबरेल? उलट लपवलेलं त्याला महागात पडतं.

आणि हे जमत नाही असंही नाही. वाधवानी एआयच्या कॉटनएसमध्ये मॉडेल इतकं लहान केलं की ते इंटरनेटशिवाय फोनवरच चालतं, आणि सापळ्याचा नसलेला फोटो ते नाकारतं. नाकारणं हेही उत्तरच धरलंय तिथे.

सर्व्हरवरच अवलंबून राहायचं असेल, तर निदान फोटो फोनमध्ये जपून ठेवा, रेंज आली की पुन्हा पाठवा. तोवर स्क्रीनवर शून्य नको. ‘मोजता आलं नाही, सापळा उघडून स्वतः मोजा,’ एवढं मराठीत लिहा. 8 पतंग मोजायला सर्व्हर लागत नाही.