आज्ञा वाचकाची, उत्तरदायित्व लेखकाचे

संगणकाच्या पडद्यावर चार ओळींचे वर्णन यावे, त्याखाली एक चिन्ह लुकलुकत थांबावे, आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेकडे जा', 'पेटी उघड', 'दिवा पेटव' अशा आज्ञा लिहून कथा पुढे न्यावी, असा जो टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर नावाचा खेळ आहे, तो एकट्या लेखकाने पदरमोड करून आज रचावा काय, या प्रश्नाला जाणती माणसेही बहुधा नकारार्थी उत्तर देतात. त्यांचे म्हणणे असे की, चित्रे हलू-बोलू लागली तेव्हाच या प्रकाराची सद्दी संपली. जे उरले ते ना धड वाङ्मय, ना धड खेळ. आणि आता तर कोणत्याही वाक्याला तत्काळ उत्तर देणारी यंत्रे निघाल्यामुळे, एकेक उत्तर स्वहस्ते लिहीत बसणाऱ्या माणसाचे प्रयोजनच राहिलेले नाही. हे तिन्ही आक्षेप मला अमान्य आहेत. आणि त्यांपैकी तिसरा, जो सर्वांत बलवान वाटतो, तोच माझ्या मते सर्वांत दुबळा आहे.

पहिल्या आक्षेपाचा निकाल इतिहासच लावतो. विल क्राउदर हे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीत नोकरीस होते. केंटकीतील मॅमथ केव्ह या अफाट गुहासमूहात उतरून त्याचे नकाशे करणे हा त्यांचा छंद होता. घटस्फोटानंतर आपल्या लहान मुलींशी धागा जुळलेला राहावा म्हणून त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या यंत्रावर, फोरट्रान भाषेत, त्या गुहांच्या आधारे एक शब्दमय गुहा रचली, आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वूड्स यांनी तिच्यात मोठी भर घातली. म्हणजे या प्रकाराचा उगमच मुळी एका माणसाच्या स्वतःच्या पायांखालून गेलेल्या भूमीत आहे. बाजार त्यानंतर आला. एमआयटीतील चौघांनी 'झॉर्क' रचला, त्याच मंडळींच्या पुढाकाराने १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी निघाली, तिला काही वर्षे चांगली बरकत आली, १९८६ मध्ये ती अ‍ॅक्टिव्हिजनच्या ताब्यात गेली आणि १९८९ मध्ये बंद झाली. चित्रांनी तिचा बळी घेतला, असा सर्रास समज आहे. चित्रांमुळे गिऱ्हाइकाची रुची पालटली, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याच कंपनीने १९८५ मध्ये 'कॉर्नरस्टोन' नावाची जी व्यापारी माहिती साठवण्याची आज्ञावली विक्रीस काढली, तिच्यापायी झालेल्या खर्चाने कंपनीचे कंबरडे मोडले, हा तपशील या कैफियतीतून नेहमी गाळला जातो. आणि कंपनी बुडाली म्हणून तिने विकलेला कलाप्रकारही बुडाला, हे अनुमान तर मुळातच सदोष आहे.

कारण पुढे जे घडले ते नेमके उलट होते. निरनिराळ्या घडणीच्या घरगुती संगणकांवर एकच कथा चालावी म्हणून इन्फोकॉमने झेड-मशीन नावाचे एक काल्पनिक यंत्र योजले होते, जे कोणत्याही कारखान्यात घडले नव्हते आणि केवळ नियमांच्या रूपाने अस्तित्वात होते. प्रत्येक खऱ्या यंत्रासाठी त्या नियमांचा एक छोटा दुभाष्या लिहिला की कथा तेथे चालू लागे. कंपनी गेली, पण नियम राहिले. हौशी लोकांनी ते एकेक करून उलगडले, आणि १९९३ मध्ये ऑक्सफर्डचे गणिती ग्रॅहम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' ही भाषा सिद्ध करून त्या यंत्रासाठी नव्या कथा रचण्याचे साधन सर्वांना विनामूल्य खुले केले. १९९५ पासून अशा कृतींची वार्षिक स्पर्धा भरत आली आहे. बाजाराने टाकून दिलेली वस्तू हौशी कर्त्यांनी दत्तक घेतली आणि तिला मूळ घरी मिळाले त्याहून मोठे आयुष्य दिले.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे, आणि त्याचे उत्तर कृतींनीच द्यावयास हवे. अँड्र्यू प्लॉटकिन यांच्या १९९८ मधील 'स्पायडर अँड वेब' या कृतीत, आपण परक्या शहरातील एका बोळात, बंद दारापुढे, केवळ प्रवासी म्हणून उभे आहोत, असे वाचकाला आरंभी वाटते. दार उघडत नाही, म्हणून तो परत फिरतो; आणि तत्क्षणी असे उघड होते की तो खुर्चीला जखडलेला आहे, समोर चौकशी करणारा अधिकारी आहे, आणि आतापर्यंत जे घडले ती वाचकाने दिलेली जबानी असून अधिकारी तिच्यावर मुळीच विश्वास ठेवावयास तयार नाही. मग पुन्हा तोच बोळ, पुन्हा तेच दार, आणि आता ते उघडावेच लागते. प्रसंगामागून प्रसंग असे चालते. हाती असलेल्या पुराव्याशी विसंगत आज्ञा दिली की अधिकारी मध्येच अडवतो. सुसंगत दिली की ती दप्तरी दाखल होते. परंतु पुराव्याशी जुळणारी जबानी खरी असतेच असे नाही, आणि हा भेद ध्यानी घेऊन एका निर्णायक क्षणी वाचकाने स्वतःच्या बुद्धीने एकच नेमकी आज्ञा द्यावयाची असते. कादंबरीत आपण खोटे बोलणारा निवेदक दुरून पाहतो. येथे तो आपणच असतो, आणि आपण काय लपवले आहे ते आपल्यालाही अनुमानानेच शोधावे लागते. हा अनुभव दुसरा कोणता वाङ्मयप्रकार देऊ शकतो, ते आक्षेपकांनी दाखवून द्यावे. त्याच वर्षी अ‍ॅडम केडर यांच्या 'फोटोपिया'ने वार्षिक स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. तिच्यात कोडी जवळजवळ नाहीतच; एका मुलीच्या आयुष्यातील प्रसंग निरनिराळ्या माणसांच्या दृष्टीतून, कालक्रम मोडून दिसत जातात, आणि काय होणार हे कळल्यानंतरही आज्ञा देणाऱ्या हाताला ते टाळता येत नाही. वाचकाला आज्ञेचा अधिकार आधी दिल्यावाचून ही असहायता उत्पन्नच करता आली नसती.

या प्रकारावरचा एक आरोप मात्र रास्त आहे. लेखकाच्या मनातले क्रियापद हाती लागेपर्यंत वाचकाने 'समजले नाही' हेच उत्तर वारंवार ऐकावे, असे अनेक कृतींत घडते, आणि वाचक कंटाळून उठला तर दोष त्याचा नव्हे. परंतु हा दोष कर्त्याच्या आळसाचा आहे, आणि त्यावरचा इलाजही ठाऊक आहे. जाणते कर्ते आपली कृती प्रसिद्धीपूर्वी परीक्षक वाचकांच्या हाती देतात आणि त्यांनी लिहिलेल्या आज्ञांची अक्षरशः नोंद मागवून घेतात. पेटीत पत्रक ठेवले तर ते वाचण्याऐवजी कोणी जाळू पाहतो, कोणी खाऊ पाहतो, कोणी त्याच्या मागच्या बाजूस काय आहे म्हणून विचारतो; आणि कर्ता ती नोंद पुढे घेऊन यातील प्रत्येकासाठी एकेक वाक्य लिहीत जातो, जे शंभरांतील नव्वद वाचकांच्या दृष्टीस कधी पडणारही नाही. 'झॉर्क'मध्ये प्रथम अंधारात चालणारा माणूस खड्ड्यात पडून मरत असे. घराच्या माळ्यावरही असा अथांग खड्डा असणे असंभाव्य आहे, हे लक्षात आल्यावर कर्त्यांनी खड्डे काढून टाकले आणि अंधारात दबा धरून बसणारा 'ग्रू' नावाचा प्राणी निर्माण केला. ही विसंगती खटकणे आणि ती दूर केल्याशिवाय चैन न पडणे, हेच या कलेतील शील होय.

आता तिसरा आक्षेप. २०१९ मध्ये 'एआय डंजन' निघाला, आणि तेव्हापासून, वाचकाने काहीही लिहिले तरी यंत्र उत्तर देते, मग मर्यादित उत्तरांचा कर्ता कशाला, असे विचारले जाऊ लागले. यंत्र उत्तर देते, हे खरे; परंतु त्या उत्तरामागे आधीपासून ठरलेले असे काही असते काय? वाचकाने भिंतीमागे भुयार आहे असे म्हणावे आणि यंत्राने ते मान्य करावे, तर भुयार सापडण्यात शोध कसला? 'स्पायडर अँड वेब'मधील खोट्या जबानीला वजन आहे, कारण खरे काय घडले ते वाचक येण्यापूर्वीच एका माणसाने निश्चित करून ठेवले आहे आणि तो त्यापासून ढळणार नाही. 'ते येथे होत नाही' असे सांगण्याचा अधिकार ज्याने सोडला, त्याला 'ते होते' असे सांगण्याचाही अधिकार राहत नाही. वाचकाची प्रत्येक आज्ञा मान्य करणे म्हणजे त्याच्या एकाही आज्ञेला परिणाम न देणे होय. अशी यंत्रे उद्या अधिक स्मरणशील होतील, हेही मी गृहीत धरतो. तरीसुद्धा नकार कोठे द्यावा आणि तो कोणत्या शब्दांत द्यावा, हा निर्णय ज्याचा, कृती त्याची. तो निर्णय एकट्या माणसाच्या आवाक्यातला आहे, आणि म्हणूनच हा प्रकार स्वतंत्र लेखकाला इतका अनुरूप आहे. त्याला चित्रकार, वादक, नट यांचा ताफा पोसावा लागत नाही, आणि भांडवलदाराची मर्जी सांभाळून कथेचा शेवट बदलावा लागत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनामुळे अंध वाचकही या खेळांत बरोबरीने उतरू शकतात, ही गोष्ट चित्रांचा कैवार घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

राहता राहिली मराठीची अडचण, जी आपल्याकडे हमखास पुढे केली जाते. अडचण खरी आहे. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आरंभी येते, आपल्याकडे ते शेवटी. 'दिवा' हा शब्द 'दिव्याने' होतो, 'पेटी' 'पेटीत' होते, तेव्हा आज्ञा वाचणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक नामाचे सामान्यरूप शिकवावे लागेल. वस्तू उचलल्याचे उत्तर इंग्रजीत एका शब्दाने भागते. मराठीत दिवा घेतला, किल्ली घेतली आणि पत्र घेतले, म्हणून वस्तूगणिक लिंगाची नोंद ठेवावी लागेल. वाचक स्त्री की पुरुष, हे 'तू आत शिरलास' आणि 'तू आत शिरलीस' यांतून पहिल्याच वाक्यात ठरून जाते. ते टाळावयाचे तर 'तुम्ही शिरलात' म्हणावे लागेल, आणि मग निवेदकाच्या आवाजात येणारे अंतर कथेला मानवते की नाही, हे लेखकाला पाहावे लागेल. परंतु जर्मन, स्पॅनिश, इटालियन आणि फ्रेंच भाषांसाठी तेथील हौशी मंडळींनी 'इन्फॉर्म'ची आज्ञा वाचण्याची यंत्रणा आपापल्या व्याकरणानुसार बसवून घेतली आहे, आणि लिंगभेद त्याही भाषांत आहेच. आपल्या सामान्यरूपांचे नियम तर कोणत्याही शालेय व्याकरणात क्रमवार दिलेले आहेत. ते यंत्राला समजेल अशा रीतीने एकदा कोणी मांडले आणि नेल्सन यांच्याप्रमाणे सर्वांना खुले ठेवले, तर मराठी लेखकाला त्यापुढे लागेल ती स्वतःला पुरती ठाऊक असलेली एक जागा, मग तो वाडा असो, खाण असो की बंदर, आणि तिच्यातील प्रत्येक वस्तूविषयी विचारले जाईल त्याला उत्तर लिहिण्याची तयारी.