शब्दाचें मोल

गेल्या मासांत छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यांतील आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. भाषाशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीनें आमच्या कैलासवासी मातोश्रींचीं ३६ पत्रें संगणकांत उतरविलीं. मी कन्नड तालुक्यांत शिक्षक असतांना त्यांनीं तीं मला धाडिलीं होतीं. शब्दांच्या महत्त्वाचा हिशेब मांडून ती म्हणाली, "काका, 'मोतीबिंदू' सर्वांत वर आला, आजीच्या 'जपून'ला मात्र शून्य! निबंधांतून तो गाळूं का?"

मीं म्हटलें, आधीं शून्य आलें कसें तें पाहूं.

रीत अशी आहे: एका पत्रांत शब्द जितक्या अधिक वेळां येईल, तितकें त्याचें वजन वाढतें, पण जितक्या अधिक पत्रांत येईल, तितकें तें घटतें. हा दुसरा विचार केंब्रिजच्या विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स यांनीं इ. स. १९७२ मध्यें मांडिला. एकूण पत्रांच्या संख्येस, शब्द ज्यांत आला त्या पत्रांच्या संख्येनें भागावें आणि भागाकाराचा लॉगॅरिथम घ्यावा. ३६ ला ३६ नें भागितां १ येतो, व १ चा लॉगॅरिथम शून्य. गीतेच्या १८ ही अध्यायांत येणाऱ्या 'च' ह्या अव्ययाची गत तीच. उलट 'स्थितप्रज्ञ' हा शब्द केवळ दुसऱ्या अध्यायांत येतो, म्हणून तेथें तो वजनदार ठरतो. परंतु चौदाव्यांतील 'गुणातीत' हा त्याचाच सोयरा, हें ह्या गणितास उमगत नाहीं.

मराठींत आणखी एक अडचण. 'जपून', 'जपावें', 'जपशील' हे यंत्रास तीन निराळे शब्द. आणि 'जप' म्हणजे सांभाळ कीं नामस्मरण, हें संदर्भावांचून कळत नाहीं. तें काम शेवटीं वाचणाऱ्याचेंच.

तात्पर्य, शून्य म्हणजे निरर्थक नव्हे. त्या शब्दावरून एक पत्र दुसऱ्यापासून वेगळें ओळखतां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पुतणीनें माझा जुना कचेरीचा पत्रव्यवहार ह्या पत्रांत मिसळून पुन्हां गणित केलें, तेव्हां 'जपून' शून्यावरून वर चढला. शब्द तोच, शेजार बदलला. म्हणून असा आंकडा दिसला कीं प्रथम विचारावें, कशाशीं ताडून काढिला?

वाचकहो, यंत्रास दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. प्रत्येक पत्राच्या अखेरीस तेंच असावयाचें, म्हणून त्या वेळीं मीही ती ओळ न वाचतांच पत्राची घडी घालीत असें. आतां तेवढीच शोधून वाचतों.