विश्लेषण : विश्वचषक नाही, गोलही मोजकेच, तरीही लुका मॉड्रिच सार्वकालिक महान फुटबॉलपटूंमध्ये का?

पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो. सार्वकालिक महान फुटबॉलपटूंची चर्चा बहुतेक वेळा याच चार नावांभोवती फिरते. चौघेही गोल करणारे. क्रोएशियाचा मध्यरक्षक लुका मॉड्रिच या मोजपट्टीत बसत नाही. मग त्याला महान म्हणायचे का? म्हणायचे, तर कशाच्या आधारावर?

आकडे काय सांगतात?

रेयाल माद्रिदकडून १३ हंगामांत मॉड्रिच ५९७ सामने खेळला आणि त्यात त्याने केवळ ४३ गोल केले. रोनाल्डो एका हंगामातच एवढे गोल करत असे. मात्र याच काळात मॉड्रिचने माद्रिदसाठी २८ करंडक जिंकले. क्लबच्या इतिहासात इतके करंडक दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. त्यांत सहा चॅम्पियन्स लीग विजेतेपदे आहेत. २००८ ते २०१७ अशी दहा वर्षे बॅलन डी’ओर मेस्सी किंवा रोनाल्डोलाच मिळत होता. २०१८ मध्ये ही मक्तेदारी मोडली ती मॉड्रिचने.

विरोधकांचे म्हणणे काय?

दोन आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात. पहिला, त्याने विश्वचषक जिंकलेला नाही. झिदान, झावी आणि इनिएस्टा या मध्यरक्षकांकडे विश्वचषकही आहे आणि युरो करंडकही. दुसरा, माद्रिदमध्ये त्याच्या आजूबाजूला रोनाल्डो, रामोस, क्रूस, कॅसेमिरो असे दिग्गज होते. अशा संघात कोणीही चमकेल, असे म्हटले जाते.

पहिला आक्षेप फार टिकत नाही. योहान क्रायफ १९७४ ची आणि फेरेंक पुश्काश १९५४ ची अंतिम लढत हरला. आल्फ्रेडो डी स्टेफानो तर विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कधी खेळलाच नाही. तरीही या तिघांना वगळून महान खेळाडूंची यादी कोणी करत नाही.

क्रोएशियाचे उदाहरण महत्त्वाचे का?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर क्रोएशियात मिळते. २०२१ च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या ३८.७ लाख, म्हणजे मुंबईच्या २०११ मधील लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहूनही कमी. १९९८ मध्ये क्रोएशियाने तिसरे स्थान मिळवले, तेव्हा भारताचे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमॅक त्या संघात होते. तो पराक्रम पुन्हा होणे नाही, असे वाटण्यासारखी परिस्थिती होती.

२०१८ मध्ये मॉड्रिचच्या नेतृत्वाखालील संघ त्याच्याही पुढे गेला. डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंडविरुद्धचे बाद फेरीचे तिन्ही सामने १२० मिनिटांपर्यंत लांबले. डेन्मार्कविरुद्ध अतिरिक्त वेळ संपत आला असताना मॉड्रिचची पेनल्टी अडवली गेली. त्यानंतर शूटआऊटमध्ये तो पुन्हा चेंडूसमोर उभा राहिला आणि यावेळी त्याने गोल केला. अंतिम सामन्यात फ्रान्सकडून ४-२ असा पराभव झाला, पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू मॉड्रिचच ठरला. चार वर्षांनी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने क्रोएशियाला तिसरे स्थान मिळवून दिले. त्या वाटचालीत ब्राझीलही बाद झाला. या संघात ना रोनाल्डो होता, ना क्रूस.

गोल न करता सामना कसा फिरवतात?

एप्रिल २०२२. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत चेल्सीने माद्रिदमध्ये ३-० अशी आघाडी घेतली होती. दोन्ही सामने मिळून माद्रिद एका गोलने मागे होते आणि दहाच मिनिटे शिल्लक होती. मॉड्रिचने बुटाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू बचावफळीवरून वळवत रॉड्रिगोपर्यंत पोहोचवला आणि रॉड्रिगोने गोल केला. त्यानंतर अतिरिक्त वेळेत माद्रिदने बाजी मारली आणि पुढे ही स्पर्धाही जिंकली. २०१४ च्या अंतिम सामन्यात भरपाई वेळेत रामोसने हेडरद्वारे बरोबरीचा गोल केला, तो कॉर्नरही मॉड्रिचचाच होता. गोल करणाऱ्यांच्या यादीत या दोन्ही ठिकाणी त्याचे नाव नाही.

मग निष्कर्ष काय?

पेले, मॅराडोना किंवा मेस्सी यांच्या पंक्तीत मॉड्रिचला बसवणे अतिशयोक्ती ठरेल. त्यांच्यासारखा एकट्याच्या बळावर गोलांचा पाऊस पाडणारा तो नाही. मात्र मध्यरक्षकांच्या सार्वकालिक यादीत झिदान, झावी, इनिएस्टा यांच्या शेजारी त्याची जागा पक्की आहे. बाल्कन युद्धात आजोबा मारले गेल्यावर निर्वासित म्हणून वाढलेला हा मुलगा २०१२ मध्ये माद्रिदला आला, तेव्हा स्पेनमधील एका वाचक कौलात त्याला हंगामातील सर्वात वाईट खरेदी ठरवण्यात आले होते. तेव्हा लोकांनी त्याचे गोल मोजले होते. आज त्याचे मोठेपण ठरवताना तीच चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.